संशोधकाने बाजू घ्यावी काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातले एक गृहस्थ मला भेटायला आले. पूर्वाश्रमीचे बुरूड. तीन वर्षांपूर्वी पत्नी, दोन मुले आणि म्हाताऱ्या आईसह त्यांनी धम्मदीक्षा घेतली. वय साठीच्या पुढचे, बोटांवर कामट्यांनी चिरल्याच्या जुन्या खुणा. सुपे, टोपल्या, रोवळ्या हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा प्लॅस्टिकने जवळजवळ बुडवला, म्हणून अलीकडे ते शिड्या आणि मांडवाचे तट्टे करून विकतात. त्यांची थोरली मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता पीएच.डी.साठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कातळसड्यावरच्या वनस्पतींचा अभ्यास करते आहे. त्यांच्या सगळ्या भावकीत दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

जयभीम झाला, चहा झाला, तरी गृहस्थ काही बोलेनात. मग एकदम म्हणाले, "दादा, पोरीनं सही करावी का करू नये, तेवढं सांगा."

प्रकरण असे होते. मुलगी ज्या सड्यावर काम करते त्याच्या उतारावर, गावाच्या कडेला, बौद्धवाडी आहे. सड्यावर पडणारे पाणी जांभ्या दगडात मुरते आणि खाली झऱ्याने वाडीच्या विहिरीत येते. सड्याच्या एका अंगाला चिरेखाण आहे आणि ती वाढवण्याचे घाटत आहे. वाडीतल्या लोकांनी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन तयार केले. दोन वर्षे आपल्या सड्यावर वाकून वाकून रोपटी मोजणारी मुलगी त्यांना रोज दिसते. तेव्हा ते तिला म्हणाले, बाय, तुझ्या वहीत आमच्या सड्याबद्दल जे लिहिले आहेस ते आम्हाला दे, आणि खाली तुझी सही कर. मुलीने आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "तू संशोधक आहेस, कार्यकर्ती नाहीस. एकदा निवेदनावर सही केलीस की तुझ्या प्रबंधावर कोणी विश्वास ठेवणार नाही." बाप घाबरला. मुलीची फेलोशिप बंद झाली तर काय, ही त्याची भीती. आणि आपल्याच लोकांना मुलीने पाठ दाखवली तर काय, ही दुसरी भीती. दोन्ही भीतींमध्ये तो रात्री झोपत नव्हता.

या प्रश्नाला आवेशाने उत्तर देणे सोपे होते. सभेत असतो तर मीही कदाचित म्हटले असते की, समाजाच्या उपयोगी न पडणारे ज्ञान काय कामाचे, खुशाल सही करावी. टाळ्याही पडल्या असत्या. परंतु समोर सभा नव्हती, एक बाप बसला होता. शिवाय प्राध्यापकांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मला वाटत नाही. त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

उत्तर आधीच ठरवून जो शोधायला निघतो, त्याला तेच सापडते. हा मनुष्यस्वभाव आहे. गावाची बाजू घेऊन सड्यावर गेलेल्या माणसाला सड्यावरची प्रत्येक काडी दुर्मीळ दिसेल आणि खाणवाल्याच्या पैशाने गेलेल्याला तेथे नुसता दगड दिसेल. वस्तुतः ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला कळायला पाहिजे? आपल्या वाडवडिलांविषयी जे जे 'ज्ञान' म्हणून लिहून ठेवले गेले, ते लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता. ज्याचा फायदा त्याचीच लेखणी आणि त्याचाच न्याय! त्या लेखणीने पोळलेल्या माणसांनी आता उलट्या बाजूने तसेच लिहायचे म्हटले, तर लेखणीचा मालक फक्त बदलेल. म्हणून 'आपली बाजू आहे, तेव्हा ती खरीच' हे मला मान्य नाही, आणि मुलीने असे मानू नये असेच मी त्यांना प्रथम सांगितले.

पण मग तटस्थ राहावे काय? तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. काठावरून प्रवाह नीट दिसतो हे खरे. मात्र आपण कोणत्या काठावर उभे आहोत, हेही पाहिले पाहिजे. सरकारी दफ्तरात सड्याची जमीन बहुधा पोटखराबा म्हणून लागलेली असते. खराब कोणाच्या हिशेबी? ज्याला सारा वसूल करायचा त्याच्या हिशेबी. पीक नाही, आकार नाही, म्हणून खराबा. आता ऑगस्टात त्याच सड्यावर जाऊन पाहा. गेंदाची पांढरी बोंडे आणि निळ्या-जांभळ्या फुलांची चादर पसरलेली असते. त्या निळ्या फुलाला लोक सीतेची आसवे म्हणतात. शास्त्रात त्याचे नाव युट्रिक्युलॅरिया. नाव करुण आहे, पण फूल मोठे लबाड. आपल्या बारीक फुग्यांत ते पाण्यातले किडे पकडून खाते, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत त्याला पुरेसे अन्न मिळत नाही. पाऊस सरला की महिन्या-दोन महिन्यांत सगळे वाळून जाते आणि मे महिन्यात येणाऱ्या साहेबाला काळा तापलेला दगड तेवढा दिसतो. म्हणजे 'खराबा' हा शब्द तटस्थ नाही. तो एका विशिष्ट काठावरून, वर्षाच्या एका विशिष्ट ऋतूत लिहिला गेला आहे. जो संशोधक तो शब्द मुकाट्याने आपल्या प्रबंधात उतरवून घेतो, त्याने बाजू घेतलेलीच आहे. त्याला ती जाणवत नाही, इतकेच.

हे गृहस्थांना पटले, पण समाधान झाले नाही. मला ते चेहऱ्यावर दिसत होते. मग मी त्यांना त्यांच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगितली. ती आपल्या वाचकांनाही थोडी सविस्तर सांगतो, कारण ती दंतकथा नाही, घडलेली आहे.

माधव गाडगीळ यांचे नाव बऱ्याच जणांनी ऐकले असेल. २०१० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या पश्चिम घाट समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीच्या २०११ च्या अहवालावरून पुढे पुष्कळ वादळ उठले. पण मी सांगतो ती गोष्ट त्याच्या फार आधीची. १९४२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस हार्वर्ड विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन १९७१ मध्ये परत आला आणि १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाला. विषय परिसरशास्त्र, त्यातही गणिताच्या अंगाने. संस्थेच्या खोलीत बसून समीकरणे मांडत आयुष्य गेले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. १९७५ च्या सुमारास कर्नाटक सरकारपुढे एक तक्रार आली. तक्रार करणारे मेदार, म्हणजे आपल्याकडचे बुरूडच म्हणा ना. त्यांचे म्हणणे असे की, जंगलातला बांबू कागद गिरण्यांनी संपवला आणि आमच्या पोटावर पाय आला.

त्या वेळचा भाव ऐकण्यासारखा आहे. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनाला एक-दीड रुपया अशा नाममात्र दराने बांबू देत असे. बाजारात टोपलीवाल्याला त्याच बांबूसाठी त्याच्या शेकडो पट मोजावे लागत. ज्याला एका टोपलीपुरता बांबू हवा तो महागात घेणार, आणि ज्याला डोंगरच्या डोंगर हवा त्याला तो जवळपास फुकट! असो. वन खात्याचे आणि गिरणीचे म्हणणे उलट होते. बांबू संपतो तो गावकऱ्यांमुळे, ते बेसुमार तोडतात आणि त्यांची गुरे कोवळे कोंब खातात. आता खरे कोणाचे? सरकारने हे काम गाडगीळांकडे दिले. त्यांचे वय तेव्हा तेहतीस होते. त्यांच्याबरोबर एस. नरेंद्र प्रसाद हे तरुण सहकारी होते आणि बांबूच्या बेटांत फिरून मोजणी करण्याचे बरेचसे काम त्यांच्या वाट्याला आले.

जंगलात गेल्यावर त्यांना दिसले की, गिरणीसाठी तोड करताना बांबूच्या बेटाच्या बुडाशी जे काट्यांचे जाळे असते ते साफ केले जात होते. खात्याची समजूत अशी की, काटे काढले, गचपण मोकळे झाले, की बेट जोमाने वाढते आणि तोडही सोपी जाते. गावातल्या लोकांनी मात्र या पाहुण्यांना सांगितले की, हेच चुकते आहे. काटे काढले की नवा कोंब उघडा पडतो.

मी येथपर्यंत आलो आणि गृहस्थ ताडकन म्हणाले, "काटं कुणी काढतंय व्हय? काटं हाईत म्हणून तर कोंब वर येतोय! साळिंदर, वांडर, गुरं, सगळी टपून बसल्याली असत्यात." मला पुढची गोष्ट सांगायची गरजच उरली नाही. आजरा-चंदगडच्या रानात लहानपणी बापाबरोबर कळक तोडायला गेलेल्या माणसाने ती एका वाक्यात पुरी केली.

बांबू हे मुळात गवत आहे. पावसाळ्यात जमिनीखालच्या खोडातून कोंब फुटतो आणि एकाच हंगामात तो आपली पुरी उंची गाठतो, पुढे फक्त टणक होत जातो. त्यामुळे ते पहिले काही आठवडे हाच काय तो जीवनमरणाचा काळ. तो साधला तर काठी होते, नाहीतर त्या वर्षीची वाढ गेली. काटेरी बांबूने आपल्या पोरांसाठी काट्यांचे कुंपण केलेले असते, ते माणसाने 'सुधारणा' म्हणून काढून टाकले. गाडगीळ आणि प्रसाद यांनी हे ऐकले, पण ऐकून लगेच मान डोलावली नाही. त्यांनी काही वर्षे बेटांवर नजर ठेवली, किती कोंब आले आणि किती जगले हे मोजले. निष्कर्ष निघाला तो असा की, लोकांचे म्हणणे बरोबर होते. काटे काढलेल्या बेटातले कोंब जनावरे खाऊन टाकत होती. येथे एक गोष्ट विसरू नये. गुरे कोंब खात होती हे खात्याचे म्हणणेही खोटे ठरले नाही. गाय काही आपली म्हणून निर्दोष सुटली नाही! मात्र गाईचे तोंड कोंबापर्यंत पोचले कसे, हा पुढचा प्रश्न खात्याने विचारला नव्हता. तो या तरुणांनी विचारला, कारण ते मेदारांच्या तक्रारीपासून निघाले होते.

मला वाटते, सगळ्या प्रश्नाची गाठ येथे आहे. संशोधक बाजू घेतो ती कोठे घेतो? उत्तर काय निघावे यात त्याने बाजू घेतली, तर तो वकील झाला. पण कोणाचा प्रश्न उचलावा, कोणाच्या ओसरीवर बसून ऐकावे, कोणाला साक्षीदार मानावे, हे त्याला निवडावेच लागते. तेथे कोणी काठावर राहूच शकत नाही. प्रश्न उचलताना ज्याचे पोट जळते त्याच्याकडून उचलावा आणि उत्तर मोजताना आपल्या आणि परक्याला एकच माप लावावे. मेदार गरीब होता म्हणून त्याचे म्हणणे खरे ठरले नाही. त्याचे बापजादे तसे सांगत आले होते म्हणूनही ठरले नाही. तपासून पाहिले आणि खरे निघाले, म्हणून ते खरे.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण अलीकडे एक वेगळीच हवा आहे. 'पारंपरिक ज्ञान' म्हटले की मान लववायची. आपण नुकतीच परंपरेची एक मोठी गाठोडी डोक्यावरून खाली टाकली आहे, आपल्याला त्यातले काय होते ते चांगले माहीत आहे. कालामांना काय सांगितले गेले तेही आपल्या घराघरांत माहीत आहे, त्याची पुनरुक्ती करत नाही. देवराईचीच गोष्ट घ्या. गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भोवतालचे डोंगर बोडके झाले असताना देवाच्या भीतीने राखलेल्या या राया टिकल्या आणि त्यांत जुन्या अरण्याचे नमुने उरले, हे त्यांनी दाखवले. ते खरेच आहे. पण ज्या देवाच्या भीतीने राई टिकली, त्याच देवाच्या नावाने अनेक गावांत आपल्या माणसांना पायरीखाली ठेवले गेले, हेही खरेच आहे. दोन्ही खरी. मग देव सोडलेल्या बौद्धवाडीतल्या माणसाने राईकडे कसे पाहावे? कुऱ्हाड घेऊन जावे, म्हणजे आपण मुक्त झालो असे सिद्ध होईल? असे काहींनी केल्याचे मी ऐकले आहे, आणि मला ते दुःखाचे वाटते. राईने झरा धरून ठेवला असेल तर तो झरा देवाचा नव्हे, झाडांच्या मुळांचा आहे. तो ज्याला ठाऊक झाला त्याला राई राखायला भीती लागत नाही. पण झरा खरोखर राईमुळे आहे काय, हे कोणीतरी पाहिले पाहिजे. येथे पुन्हा वही घेऊन हिंडणारी मुलगी लागतेच.

आणि हे आपल्याला नवे आहे असे तरी कसे म्हणावे? जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष देताना बाबासाहेबांचे वय सत्तावीस होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी नोकरीत, लागून त्यांना काही महिनेच झाले होते. त्यांनी तेथे गाऱ्हाणे गायले नाही. लोकसंख्येचे, मतदारांचे आकडे मांडले आणि त्या आकड्यांवरून युक्तिवाद केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये, लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. तुकडे जोडा, जमीन मोठी करा, की शेतकरी सुखी होईल, असे त्या काळी सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखवले की, खरे दुखणे जमिनीवर पडलेल्या जादा माणसांच्या ओझ्यात आहे आणि उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. कोणाच्या कानाला गोड लागेल म्हणून लिहिलेला तो निबंध नव्हता. संशोधक आणि कार्यकर्ता ही दोन माणसे असतात, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत.

इतके बोलून मी थांबलो. मला वाटले, प्रश्न सुटला. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर मला आजही पुरतेपणी देता आलेले नाही. ते म्हणाले, "दादा, ह्ये गाडगीळसाहेब कुणाचं?"

त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ, नामांकित अर्थशास्त्रज्ञ, पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. मी ते सांगितले. गृहस्थांनी नुसती मान हलवली. त्यात कडवटपणा नव्हता. ते हिशेब करत होते. हार्वर्डची पदवी, बंगळूरची नोकरी, विद्वान बापाचे नाव, इतके पाठीशी असलेला माणूस वन खात्याला 'तुमचे चुकले' असे सांगतो. ते धैर्यच आहे, मी ते कमी लेखत नाही. पाठीशी सगळे असूनही आयुष्यभर तोंड न उघडणारे विद्वान काय थोडे आहेत? पण बुरडाच्या मुलीच्या पाठीशी काय आहे? एक फेलोशिप, आणि एका प्राध्यापकाची सही. ती सही नाही मिळाली तर चार वर्षे पाण्यात, आणि गावात सगळे म्हणायला मोकळे की शिकवून काय उजेड पडला. तिने तेच धैर्य दाखवावे, अशी अपेक्षा घरात आरामात बसून करणे न्यायाचे होईल काय?

नीतीचे नियम सगळ्यांना सारखे असावेत असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु एकच ओझे दोन खांद्यांवर सारखे पडत नाही. ज्याचा खांदा भरलेला आहे त्याने अधिक उचलावे. आपल्या समाजात मात्र उलटे घडते. जो पहिला शिकला, त्याच्यावरच घराचे कर्ज, भावाची फी, वाडीची विहीर, समाजाची चळवळ, सगळे येऊन पडते. तो जरा मागे सरला की 'साहेब झाला, समाज विसरला' हे शब्द तयार असतात. हे शब्द मीही कधीकाळी वापरले आहेत, आणि त्याची मला आज लाज वाटते.

म्हणून मी त्यांना सही आणि वही यांत फरक करायला सांगितले. निवेदन हे मागणीपत्र आहे. खाण नको, ही मागणी गावाची आहे, ती करण्याचा हक्क त्या पाण्यावर जगणाऱ्यांचा आहे. मुलीने आज त्यावर सही केली नाही तर ती द्रोही ठरत नाही. केली तर तो तिचा निर्णय, आणि तो तिच्या बापाने नव्हे, मीही नव्हे, तिने घ्यायचा. पण वही ही वेगळी गोष्ट आहे. त्या सड्यावर तिला कोणी फिरू दिले? कोणता झरा कधी आटतो हे कोणी दाखवले? पावसात भिजल्यावर कोणाच्या घरी तिने चहा घेतला? त्या लोकांकडून मिळालेले ज्ञान इंग्रजी प्रबंधात बांधून विद्यापीठाच्या कपाटात ठेवायचे आणि त्यांनी मागितले तर 'मी तटस्थ आहे' म्हणायचे, ही तटस्थता नव्हे. घेतलेले परत न करणे याला आपल्या भाषेत साधा शब्द आहे, तो मी येथे लिहीत नाही. वही लोकांपुढे त्यांच्या भाषेत उघडलीच पाहिजे, आणि त्यात जे लोकांच्या सोयीचे नसेल तेही झाकता कामा नये. प्राध्यापकांनाही त्यावर आक्षेप घेता येणार नाही, कारण खरे आकडे सांगणे हे तर संशोधकाचेच काम.

गृहस्थ गेले. जाताना म्हणाले, काट्याची गोष्ट पोरीला सांगतो, तिलाही ठाऊक नसंल. बापाच्या धंद्यातली विद्या बापाने मुलीला कधी सांगितलीच नव्हती. शिकून साहेब व्हायचे तर हे कशाला, असे त्यांना वाटत आले होते.

पुढे काय झाले ते महिन्याभराने मुलीनेच फोन करून कळवले. तिने सड्यावरच्या मोजणीचा एक मराठी तक्ता केला: कोणत्या महिन्यात कोणती वनस्पती, कोणत्या भागात पाणी किती दिवस साचते, उताराला झरे कोठे आहेत. रविवारी वाडीत विहाराच्या पडवीत बसून तिने तो वाचून दाखवला. निवेदनात एक वाक्य होते की, खाणीमुळे विहिरीचे पाणी अर्ध्यावर आले. ती म्हणाली, हे मला माहीत नाही. खाण सुरू होण्याआधीचे पाणी कोणी मोजलेले नाही, माझ्या वहीतही ते नाही. दोन-तीन माणसे रागावली. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या डोळ्यांनी बघितलंव, ता खोटा काय?" मुलगी म्हणाली, "खोटं नाही आजी, पण साहेब विचारेल किती हात, तर काय सांगायचं?" त्यावर बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी ते वाक्य बदलून 'पाणी कमी झाल्याचे वाडीतल्या वृद्धांचे सांगणे आहे' असे केले आणि वृद्धांची नावे, वये खाली घातली. मुलीने निवेदनावर सही केली नाही. तक्ता मात्र निवेदनाला जोडला गेला आणि त्याच्या खाली 'मोजणी करणारी' म्हणून तिचे पूर्ण नाव आहे. प्राध्यापकांना तिने स्वतःच नेऊन दाखवला. ते दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एके दिवशी एवढेच विचारले, "आकडे तपासलेस ना?"

बांबूविषयी एक राहिले. १९२७ च्या वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूलाही घातले होते, आणि गवत असलेली वस्तू कायद्याने झाड झाल्यामुळे बुरडाला काठी-काठीसाठी परवाना मागत फिरावे लागे. गाडगीळांच्या अभ्यासाने हे एकदम बदलले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडले. वनाबाहेरच्या जमिनीवरच्या बांबूला त्या व्याख्येतून २०१७ मध्ये वगळले. मेदारांच्या तक्रारीपासून मोजले तर बेचाळीस वर्षे. हे मी मुलीला फोनवर सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे मला सत्तरी गाठावी लागेल."

निवेदनाचा निकाल अजून लागलेला नाही. वाडीतल्या लोकांनी विहिरीत हाता-हातावर गाठ मारलेली एक दोरी सोडली आहे. आठवीतली एक मुलगी दर रविवारी वंदनेच्या आधी गाठी मोजते आणि विहाराच्या आतल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. पहिल्या दिवशी नऊ गाठी भिजल्या होत्या.